गॅस संपला, वीज गेली, तरी घरात शिजलं पाहिजे: पर्यायी चुलीची तयारी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक आठवडे अंधारात राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कोल्हापूरची अडचण वेगळी होती. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं, पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद पडला, आणि दूध, भाजी, पेट्रोल, सगळ्याचीच टंचाई झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदी शहरात घुसली तेव्हा तर तळमजल्यावरची स्वयंपाकघरंच पाण्याखाली गेली.

एकीकडे तारा तुटल्या, दुसरीकडे रस्ता तुटला, तिसरीकडे ओटाच बुडाला. म्हणून पर्यायी चुलीचा विचार करताना एक गोष्ट पक्की धरा: पहिली चूल ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरी बंद पडता कामा नये. दोन सिलिंडर असले तरी पाणी घरात शिरल्यावर दोन्ही एकदमच जातात. गॅस आणि इंडक्शन ही जोडी शहरात बरी, पण वादळात इंडक्शनचा काही उपयोग नाही. आपल्या गावात नेमकं काय बंद पडतं, हे आधी घरातल्या जुन्या माणसांना आणि शेजाऱ्यांना विचारा. मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं, वीज किती दिवस गेली होती, सिलिंडरची गाडी कधी आली, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पहिली पायरी: घरातला गॅस नीट ओळखा

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. चार माणसांच्या घरी तो सव्वा ते दीड महिना पुरत असेल, तर रोजचा खर्च साधारण ३०० ते ४०० ग्रॅम होतो. तुमच्या घरचा आकडा काढायला सिलिंडर लावल्याची तारीख त्याच्यावर खडूने लिहा. आत किती उरलाय हे हलवून कळत नाही. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, म्हणजे १५.८ किंवा १६.१ असं काही. वजनकाट्यावर ठेवून त्यातून हे वजा करा, उरलेला गॅस किलोत मिळतो. काटा नसेल तर ओलं फडकं टाकीवरून फिरवा. जिथपर्यंत द्रव गॅस आहे तिथपर्यंतचा ओलावा उशिरा वाळतो.

दुसऱ्या सिलिंडरची जोडणी मिळत असेल तर घ्याच, आणि पहिला संपला त्याच दिवशी नोंदणी करा. पावसाळ्याचे चार महिने भरलेला सिलिंडर घरात असलाच पाहिजे. जागा नसेल किंवा भाड्याच्या घरात राहत असाल तर तेल कंपन्यांचा ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून वितरकाकडे मिळतो. काटकसरीने वापरला तर तो दोन आठवडे सहज काढतो, आणि पाणी वाढलं तर एकटा माणूस उचलून माळ्यावर नेऊ शकतो. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाजारात मोठ्या सिलिंडरमधून भरून देतात त्या बिनछापाच्या लहान टाक्या मात्र घेऊ नका. त्यांचा पत्रा आणि झडप कधी कुणी तपासलेली नसते, आणि तसं गॅस भरणं बेकायदेशीरही आहे.

मुंबई, पुणे, ठाण्यात पाइपचा गॅस असलेल्यांना एक सूचना. वीज गेली तरी पाइपचा गॅस बहुतेक वेळा चालू राहतो, ही जमेची बाजू. पण दुरुस्तीसाठी किंवा धोक्यामुळे मुख्य झडप बंद केली तर अख्खी इमारत एकदम थंड पडते. अशा वेळी शेजाऱ्याकडून सिलिंडर आणून तो पाइपच्या शेगडीला जोडायचा मोह होतो. तसं करू नका. पाइपच्या गॅसच्या शेगडीचं जेटचं भोक मोठं असतं, त्यातून सिलिंडरचा गॅस सोडला तर ज्योत भडकून हाताबाहेर जाते. सिलिंडरसाठी वेगळी, साधी एक बर्नरची शेगडी ठेवा. सहलीला नेतात तो ब्यूटेनच्या डब्यावरचा छोटा स्टोव्हही फ्लॅटमध्ये उपयोगी पडतो. सव्वादोनशे ग्रॅमचा एक डबा मोठ्या आचेवर दीड-दोन तास चालतो, म्हणजे जेमतेम एका दिवसाचा स्वयंपाक. त्याच्यावर पसरट मोठं पातेलं किंवा तवा ठेवू नका, कारण उष्णता शेजारच्या डब्यावर येते आणि डबा फुटू शकतो. जादा डबे ओट्याखाली नको, गाडीत तर मुळीच नको.

दुसरी पायरी: इंडक्शन कशाला चालतं, कशाला नाही

सिलिंडरची टंचाई असेल आणि वीज असेल तेव्हा इंडक्शनसारखी सोय नाही. पण २,००० वॅटचं यंत्र पावणेनऊ अँपिअर ओढतं. ते साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावू नका, त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच ते भांडं इंडक्शनवर चालतं. पितळेचं पातेलं, साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. घरात इंडक्शन आहे पण त्यावर चालणारा कुकरच नाही, असं बऱ्याच घरांत असतं.

इन्व्हर्टरवर इंडक्शन चालवण्याचा विचार सोडून द्या. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर जेमतेम १.८ युनिट वीज असते, आणि घरातला इन्व्हर्टर ६००-७०० वॅटच्या वर दम धरत नाही. तो दिवे, पंखा आणि फोन यांच्यासाठी राखून ठेवा.

सौर पेटीही याच रांगेतली. विदर्भ-मराठवाड्यात आठ महिने ती उत्तम काम देते, दोन-तीन तासांत वरण-भात होतो. पण आपल्याकडची संकटं बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतात आणि तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

तिसरी पायरी: चूल

तारा, ट्रक, पाइपलाइन, सगळं बंद झालं तरी चालणारी एकच गोष्ट, ती म्हणजे लाकडाची चूल. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण शहरातल्या तरुण घरांमध्ये चूल पेटवता येणारी व्यक्तीच उरलेली नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जागा आधी ठरवा: अंगण, पडवीची उघडी बाजू, सोसायटीची गच्ची किंवा वाहनतळाचा मोकळा कोपरा. वर आडोसा हवा, कारण पाऊस असणारच, पण निदान दोन बाजू उघड्या हव्यात. वाहनांजवळ किंवा गॅसच्या सिलिंडरजवळ चूल मांडू नका. तीन दगडांची चूल सगळ्यांना माहीत असते, पण उघड्यावर वारा लागला की त्यातली बहुतेक उष्णता वाया जाते. त्यापेक्षा विटा बऱ्या. जमिनीवर विटांचा एक थर आडवा अंथरा. त्यावर तीन बाजूंनी विटांच्या भिंती दोन-तीन थर चढवा, पुढची बाजू उघडी ठेवा. तळापासून चार बोटं उंचीवर लोखंडी जाळी बसवा आणि लाकडं त्या जाळीवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते. विस्तव आणि पातेल्याच्या बुडात एक वीत अंतर ठेवा. पातेलं भिंतींवर सपाट टेकवू नका, विटांचे तुकडे ठेवून बोटभर फट सोडा, तिथून धूर आणि ज्वाळा भांड्याच्या अंगाला घासून वर जातात. नदीतले ओले दगड वापरू नका, तापल्यावर ते तडकून उडतात.

जळण कोणतं? ज्या भागात जे पिकतं ते. कोकणात झावळ्या, करवंट्या, सोडणं (नारळाच्या साली). कोल्हापूर-सांगलीकडे शेणी आणि चिपाडं. मराठवाड्यात तुराट्या (तुरीच्या काड्या), विदर्भात पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या). तुराट्या आणि झावळ्या भसकन पेटतात आणि विझतात, पेटवण्यासाठी उत्तम, पण शिजवायला जाड लाकूड किंवा शेणी हवी. चार-पाच माणसांचा दोन वेळचा साधा स्वयंपाक करायला उघड्या चुलीवर चार-पाच किलो वाळकं लाकूड धरून चाला. आठवड्याला एक मोठा भारा. ते मे महिन्यातच भरून ठेवायचं, मनगटाएवढ्या जाडीचं फोडून, जमिनीपासून हातभर उंच, वरून झाकलेलं पण बाजूंनी वारा खेळेल असं. पूर्वी पावसाळ्याच्या बेगमीत तांदूळ, मीठ, सुकी मासळी यांच्या बरोबरीने जळणाची खोप भरली जायची, तेच करायचं आहे. पुराच्या पट्ट्यात खोप जमिनीवर असेल तर आठवड्याचं जळण तरी गोणीत भरून पोटमाळ्यावर टाका. ओलं लाकूड धूर देतं, आच देत नाही.

पेटवण्याचा क्रम असा. जाळीवर चुरगळलेला कागद किंवा नारळाच्या शेंडीचा पिंजलेला काथ्या ठेवा, त्यावर करवंटीचे तुकडे आणि बोटाएवढ्या काटक्या उभ्या-आडव्या रचा. त्यात कापराची वडी किंवा तेलात बुडवलेली चिंधी ठेवून काडी लावा. काटक्यांनी पेट घेतला की जाड लाकडाची फक्त टोकं आत सरकवा. सगळं लाकूड एकदम कोंबलं की आग गुदमरते. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून चूल पेटवू नका, निखाऱ्यांवर तर कधीच नाही, ज्वाळा धारेबरोबर हातातल्या बाटलीपर्यंत येते. फुंकणी नसेल तर लोखंडी पाइपचा हातभर तुकडा चालतो.

भांड्याच्या बुडाला बाहेरून माती आणि राखेचा पातळ लेप द्या, काजळी पटकन निघते. कुकर चुलीवर ठेवायचा तर मूठ ज्वाळेपासून लांब, धुराच्या उलट बाजूला ठेवा. प्लॅस्टिकची मूठ आणि झडप वितळून कुकर कायमचा निकामी होतो.

शेगडी आणि भुसा

लाकडी कोळशाची शेगडी ही गच्चीवाल्यांसाठी चांगली सोय. कोळसा इस्त्रीवाल्याला विचारलात की कुठे मिळतो ते कळतं. दहा किलोची गोणी कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकते. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभारलेल्या ‘आरती’ने, उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा बनवण्याची पद्धत विकसित केली. त्या कामाला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा सराई कुकर साधारण शंभर ग्रॅम कांडी कोळशावर छोट्या कुटुंबाचं वरण, भात, भाजी वाफेवर शिजवतो. इतक्या थोड्या इंधनात एवढं शिजवणारं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही.

भुशाची शेगडी पूर्वी चाळींतून सर्रास असायची. पत्र्याच्या डब्याला तळाशी बाजूने मुठीएवढं भोक पाडा. त्या भोकातून एक गोल दांडका मध्यापर्यंत सरकवा आणि त्याला टेकवून एक बाटली उभी धरा. भोवती वखारीतला कोरडा भुसा थराथराने घट्ट ठोकून भरा. मग बाटली हळूच फिरवत वर काढा, दांडका बाहेर ओढा. खालच्या भोकातून कागद पेटवून सारला की आतली भिंत जळायला लागते आणि दोन-चार तास एकसारखी आच मिळते. वर डब्याच्या काठावर तीन विटकरी ठेवून पातेलं चढवा.

रॉकेलच्या स्टोव्हबद्दल थोडक्यात. ज्यांच्याकडे वातीचा स्टोव्ह आहे आणि रॉकेल मिळतं त्यांनी वाती नव्या घालून ठेवावा. पण रेशनवरचं रॉकेल आता जवळपास बंदच झालं आहे, त्यामुळे नव्याने त्यावर भिस्त ठेवू नये. पंपाचा जुना स्टोव्ह तर वापरूच नये. पिन मारून मारून झिजलेला बर्नर आणि वाढलेला दाब यांनी किती घरांतल्या बायकांचे जीव घेतले आहेत, हे आधीच्या पिढीला माहीत आहे.

बंद खोलीत निखारा नको

बाहेर धो-धो पाऊस, घरात गारठा, मग शेगडी आत घेऊन दार लावावंसं वाटतं. कोळसा, लाकूड, भुसा, शेण्या, सगळ्यांच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून तो निघतच असतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पेंग येते, आणि माणूस झोपेतच जातो. शेगडी पेटलेली असताना घरातल्या दोघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर विचार करत बसू नका, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या. रात्री उरलेले निखारे राखेत पुरून घराबाहेरच ठेवा. जनरेटर खिडकीखाली लावणंही तितकंच घातक. ब्यूटेनच्या स्टोव्हलाही खिडकी उघडी हवी.

चौथी पायरी: कमी आचेत शिजवा

जळण वाढवण्यापेक्षा गरज कमी करणं सोपं. कुकरमध्ये डबे लावून वरण, भात, बटाटे एकदमच करा. डाळ, कडधान्य रात्री भिजवा. कुकरची जादा रिंग आणि झडप घरात ठेवा, त्या न मिळाल्यामुळे चांगला कुकर पडून राहतो.

उबपेटी मात्र प्रत्येकाने करून बघावी. मोठी टोपली किंवा खोका घ्या, आत सगळ्या बाजूंनी वीतभर पेंढा, जुने कपडे किंवा चुरगळलेले कागद भरा, मधे पातेल्याएवढी जागा ठेवा. भिजवलेला तांदूळ नेहमीपेक्षा थोड्या कमी पाण्यात झाकण लावून उकळा, उकळी आल्यावर पाच मिनिटं ठेवा, आणि झाकण न उघडता पातेलं पेटीत ठेवून वरून गोधडी दाबून बसवा. तासाभरात भात होतो. भिजवलेली तुरीची डाळ दहा-पंधरा मिनिटं उकळून ठेवली तर दोन-अडीच तासांत मऊ होते. पातेलं निदान दोन-तृतीयांश भरलेलं हवं, थोडं अन्न लवकर निवतं. काढताना त्यातून वाफ निघत नसेल तर पुन्हा उकळून मगच वाढा. राजमा पेटीत घालायचा असेल तर आधी दहा मिनिटं खळाखळा उकळलाच पाहिजे, नाहीतर त्यातल्या विषारी घटकाने उलट्या होतात.

आणि न शिजवता पोट भरणारं काही घरात हवंच. दडपे पोहे, गूळ-पोहे, दही-पोहे, भडंग, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी, सातूचं पीठ, मेतकूट. वीज गेली की गिरणीही बंद पडते, हे आधी लक्षात येत नाही. म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांचं पीठ दळून ठेवा. पिठलं दहा मिनिटांत होतं, पोळ्यांपेक्षा कमी आच घेतं. तान्हं मूल असेल तर त्याचं दुधाचं किंवा नाचणी सत्त्वाचं वेगळं गणित मांडा.

पाणी उकळायचं जळण वेगळं धरा

पुरानंतर स्वयंपाकापेक्षा पिण्याचं पाणी अडवतं. पाणी एक मिनिट गदगदून उकळलं की जंतू मरतात, दहा-वीस मिनिटं उकळून जळण वाया घालवू नका. एक लिटर पाणी उकळायला गॅसवर साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांचं बारा लिटर धरलं तर रोज दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या खर्चाच्या जवळपास निम्मा वाढीव खर्च. उघड्या चुलीवर त्यालाच दोन किलोच्या आसपास लाकूड जातं. आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसवा, फडक्यातून गाळा, मग उकळा. तुरटीने जंतू मरत नाहीत. क्लोरीनच्या गोळ्या घरात असतील तर तेवढं जळण वाचतं. पाण्यात रॉकेल, डिझेल किंवा फवारणीच्या औषधाचा वास असेल तर उकळूनही ते पिण्याजोगं होत नाही.

पाणी चढायला लागलं की

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. सामान हलवायचं ते इशारा पातळीलाच. आपापल्या नदीची ही दोन्ही आकडेवारी भिंतीवर लिहून ठेवा.

१. शेगडीचे सगळे खटके बंद करा, मग रेग्युलेटर बंद करून काढा.
२. सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेली टोपी घट्ट बसवा.
३. वर नेता येत असेल तर सिलिंडर उभाच वर न्या. नेता येत नसेल तर खिडकीच्या गजाला किंवा खांबाला दोराने बांधा. भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. त्याचं वजन तीसएक किलो असतं, पण तो त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो. सुटला तर आपटत आपटत लांब जातो.
४. मग छोटा सिलिंडर किंवा स्टोव्ह, कुकर, जळणाची गोणी आणि चुलीच्या सामानाची पेटी वर न्या.

ही पेटी आधीच भरून ठेवायची. तिच्यात झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत थोड्या तांदळाबरोबर काड्यापेट्या, शिवाय लायटर, कापूर, मेणबत्त्या, एक पातेलं, झाकण, सांडशी, सुरी, उलथणं, मीठ, तिखट, हळद, तेलाची बाटली, क्लोरीनच्या गोळ्या. पावसाळी हवेत उघडी काड्यापेटी चार दिवसांत मऊ पडते.

जूनच्या आधी एखाद्या रविवारी रेग्युलेटर आणि मेन स्विच बंद करून एक पूर्ण जेवण पर्यायी चुलीवर करा. शेजारच्या दोन-तीन घरांना बरोबर घ्या. तीन घरांनी एका मोठ्या पातेल्यात खिचडी केली तर तीन वेगळ्या चुलींपेक्षा बरंच कमी जळण लागतं, आणि कुणाकडे सिलिंडर आहे, कुणाकडे चूल मांडायला जागा आहे, हेही त्या दिवशीच ठरून जातं.

पाणी ओसरल्यावर

घरात शिरताच काडी ओढू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या, वास आला तर बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवा, हा चोवीस तास चालतो. चिखलात बुडालेला रेग्युलेटर आणि रबरी नळी धुऊन परत लावू नका, वितरकाकडून बदलून घ्या. वाहून आलेला सिलिंडर कुणाचाही असो, तो उचलून जोडू नका, वितरकाला कळवा. गॅसची शेगडी उलटी करून बर्नर आणि जेटमधला गाळ काढा, वाळवा, आणि नवी नळी जोडल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघा. फुगे आले तर गळती आहे. भिजलेलं इंडक्शन बाहेरून कोरडं दिसलं तरी तपासून घेतल्याशिवाय लावू नका. हे सगळं उरकेपर्यंतचे दोन-चार दिवस बाहेरच्या विटांच्या चुलीवरच स्वयंपाक होणार, हे धरून जळण शिल्लक ठेवा.